ओढ्यावरचा हंगामी साकव : टेकूंना उन्हाच्या हालचालीसाठी वाव ठेवा

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतो, पसरलेली धाव सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते, आरे कुरकुरत तुंब्यात बसतात आणि सगळे चाक आवळले जाते. तापलेल्या लोखंडाच्या आकसण्यात किती जोर असतो, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

हाच जोर ओढ्यावर टाकलेल्या साकवाच्या गर्डरमध्येही रोज काम करतो. फरक इतकाच, की येथे जाळाचे काम ऊन करते आणि पाणी ओतण्याचे काम रात्रीचा गारवा करतो. पावसाळा ओसरल्यावर ओढ्यापलीकडच्या रानात जाण्यासाठी दोन लोखंडी गर्डर, वर फळ्या आणि मध्ये एखादा टेकू असा हंगामी साकव अनेक ठिकाणी टाकला जातो. त्यावरूनच पलीकडच्या पिकाची पाइपलाइनही नेतात. जून लागण्याआधी तो काढून घ्यायचा असतो, म्हणून टेकू तात्पुरते असतात : बाभळीचे खांब, दगडांचा रचीव खांब, वाळूच्या गोण्यांची थप्पी किंवा लोखंडी घोडी. वजन पेलेल का, एवढाच विचार टेकू लावताना बहुधा होतो. उन्हाने वरचा गर्डर लांब-आखूड होणार आहे, हे मात्र लक्षात घेतले जात नाही.

त्याची किंमत नेमकी उन्हाळ्यात मोजावी लागते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरलेला उन्हाळी भुईमूग मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा आणि आऱ्या सुटण्याच्या अवस्थेत असतो. या काळात पाण्याची पाळी चुकली, तर आऱ्या कोरड्या, कडक मातीत शिरत नाहीत. याच महिन्यांत पहाट आणि दुपार यांच्या तापमानात मोठी तफावत असते, टेकू हलतात, पाइपचा जोड सुटतो आणि दुरुस्तीत दोन-तीन दिवस जातात. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा शिक्षक असूनही लोखंडाच्या विषयाकडे वळला, तो यामुळेच. डोक्यावर भारा घेऊन त्याच साकवावरून जाणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे.

लांबी किती बदलते?

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की १ मीटर लोखंड सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु खानदेश, मराठवाडा, विदर्भात थंडीच्या पहाटे तापमान १० अंशांपर्यंत किंवा त्याखालीही उतरते आणि एप्रिल-मे महिन्यांत हवा ४२ अंशांच्या पुढे जाते. उन्हातले लोखंड हवेपेक्षा बरेच अधिक तापते, ५५ ते ६० अंशांवर जाते. म्हणजे हंगामभरात ५० अंशांचा फरक धरावा लागतो. १२ मीटर लांबीचा गर्डर या फरकाने सुमारे ७ मि.मी. लांब-आखूड होतो, तर २४ मीटर सलग जोडलेला १४ मि.मी. होतो. अंदाजासाठी सोपा हिशेब असा : ४० अंशांच्या फरकाला दर २ मीटर लोखंडामागे १ मि.मी.

पी.व्ही.सी. पाइपचा हिशेब वेगळा आहे. तो लोखंडाच्या जवळजवळ सहापट वाढतो. १० मीटर पाइप १० अंशांच्या फरकाला सुमारे ७ मि.मी. बदलतो. काळ्या एच.डी.पी.ई. पाइपची वाढ याहून दुप्पट किंवा अधिक असते, पण तो लवचीक असल्याने सापासारखा वळतो आणि निभावून जातो. लाकूड उष्णतेने लांबीत फारसे वाढत नाही. ते ओलाव्याने फुगते आणि वाळले की आडव्या अंगाने आकसते. ओल्या बाभळीचा खांब ऑक्टोबरमध्ये आवळून बोल्ट केला, तर मार्चमध्ये तोच बोल्ट ढिला सापडतो. म्हणून महिन्यातून एकदा पाना फिरवावा.

अडवले तर काय होते?

“दोन्ही टोके घट्ट जखडली, की हलायचा प्रश्नच मिटला,” असे पुष्कळांना वाटते. हा समज तपासून पाहू. २०० मि.मी. उंचीचा, मीटरला सुमारे २५ किलो वजनाचा गर्डर घेतला आणि ३० अंश तापताना त्याला जराही वाढू दिले नाही, तर तो दोन्ही टोकांना सुमारे २३ टनांच्या जोराने रेटेल. एवढा रेटा सोसणारा टेकू शेतावर कोणी बांधत नाही. तेव्हा प्रत्यक्षात गर्डर वाढतोच. तो टेकूवर घसरतो, बाजूला वाकतो किंवा टेकूच ढकलून देतो.

येथे कोणी विचारील, की रेल्वेचे रूळ आता किलोमीटरभर सलग जोडलेले असतात, त्यांचे कसे चालते? ते रूळ दर हातभर अंतरावरच्या स्लीपरांना पकडलेले असतात आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. ताण रुळातच कोंडून ठेवला जातो आणि तेवढा ताण धरण्याची सोय सबंध मार्गावर केलेली असते. आपल्या साकवाला मोजून दोन-तीन टेकू असतात. तुलना करायचीच तर रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांशी करावी. त्या गर्डरांचे एक टोक घट्ट असते, तर दुसऱ्या टोकाखाली अनेक ठिकाणी लोखंडी रूळगोळे बसवलेले असतात.

ढकललेला खांब एका दिवसात पडत नाही, हीच यातली फसवी बाब आहे. दुपारी खांबाचा माथा ४-५ मि.मी. सरकतो, बुडाशी मागच्या बाजूला बारीक फट पडते आणि तीत वाळू, माती घसरते. रात्री गर्डर आकसतो तेव्हा खांब पूर्वीच्या जागी येऊ शकत नाही, कारण फट भरलेली असते. दुसऱ्या दिवशी नव्या जागेपासून पुन्हा ढकलणे सुरू होते. दोन महिन्यांत खांब डोळ्याला दिसेल इतका कलतो. मग एखाद्या संध्याकाळी चार माणसे एकदम साकवावर आली, की दोष त्यांच्या वजनावर जातो. दगडांच्या रचीव खांबात वरचा थर असाच सरकत जातो आणि चिपा निसटतात. गोण्यांच्या थप्पीत हा रेटा पसरतो, त्यामुळे ती काही दिवस बरी वाटते. मात्र खताच्या प्लॅस्टिक गोण्या उन्हाने काही महिन्यांतच कुजल्यासारख्या फाटतात. गोण्या वापरायच्याच असतील, तर त्या ओल्या पोत्यांनी किंवा मातीने झाकाव्यात. त्यांवर थेट गर्डर न ठेवता रुंद फळी घालून ठेवावा.

एक टोक जखडा, दुसरे मोकळे ठेवा

एकाच गाळ्याचा साकव असेल, तर ज्या काठाची जमीन अधिक पक्की, मुरमाड किंवा खडकाळ असेल, त्या काठावर गर्डरचे टोक काँक्रीटच्या ठोकळ्यात बोल्टने जखडावे. दुसरे टोक लांबीच्या दिशेने मोकळे ठेवावे. मोकळे म्हणजे वाऱ्यावर सोडलेले नव्हे. ते बाजूला जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांना अँगलचे तुकडे लावावेत. अचानक आलेल्या पाण्याने ते उचलले जाऊ नये म्हणून ढिली साखळी किंवा लांबट भोकातून बोल्ट द्यावा. १२ मीटरच्या गर्डरसाठी बोल्टाच्या दोन्ही बाजूंना १० मि.मी. जागा राहील इतके लांबट भोक वेल्डिंगवाल्याकडून पाडून घ्यावे. या बोल्टाचे नट पूर्ण आवळू नये. एक फेरा ढिले ठेवून वर दुसरे नट बसवावे, म्हणजे पहिले फिरणार नाही.

दोन गाळ्यांचा साकव असेल, म्हणजे मध्ये टेकू आणि प्रत्येक बाजूला वेगळा गर्डर, तर दोन्ही गर्डर आपापल्या काठावर जखडावेत आणि त्यांची मोकळी टोके मधल्या टेकूवर आणावीत. या रचनेत दुपारी दोन्ही गर्डर टेकूकडे वाढतात. टेकूच्या माथ्यावर एक या बाजूने रेटतो, दुसरा त्या बाजूने, आणि दोन्ही रेटे बहुतांशी एकमेकांना मारून टाकतात. तात्पुरत्या टेकूला याहून सोयीची मांडणी नाही. दोन टोकांमध्ये २५ मि.मी. फट ठेवावी. प्रत्येक गर्डर टेकूवर किमान १५ से.मी. टेकलेला असावा, म्हणजे टेकूचा माथा ३५ ते ४० से.मी. रुंद लागतो. हात आखडता घेऊन अरुंद माथा केला, तर थंडीत आकसलेले टोक काठावर येऊन बसते. फटीवरची फळी एकाच बाजूच्या गर्डरला ठोकावी. ती दोन्हीकडे ठोकली, तर ठेवलेली फट वाया गेली.

एक गर्डर मधल्या टेकूवर जखडून दोन्ही काठांवर मोकळा ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. कारण विचारले तर “मध्ये धरला की हलत नाही” असे उत्तर मिळते. लोखंडाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु रेटा, वारा, चालणाऱ्यांचे हिसके हे सारे अशा वेळी त्या एकाच कच्च्या टेकूवर येतात. पक्का काठ हाताशी असताना हे ओझे टेकूवर टाकू नये.

उतारावरचा साकव आणखी एक खोड करतो. एक काठ उंच व दुसरा सखल असेल आणि गर्डर नुसता ठेवलेला असेल, तर तापताना तो उताराकडे जास्त सरकतो आणि आकसतानाही खालीच ओढला जातो. रोज केसभर असा तो खाली उतरत राहतो आणि काही आठवड्यांनी वरचे टोक टेकूच्या कडेला दिसते. अशा ठिकाणी गर्डर जखडलाच पाहिजे. एकाच गाळ्याचा असेल, तर खालच्या टोकाला भक्कम अडसर द्यावा.

मोकळे टोक खरोखर घसरावे म्हणून

टोक मोकळे ठेवले, तरी गंजलेला गर्डर खरखरीत लाकडावर किंवा दगडावर सहज सरकत नाही. समजा टोकाशी ६०० किलो भार आहे. गंजलेले लोखंड लाकडावर सरकू लागण्यापूर्वी भाराच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे २५० ते ३०० किलोंचा आडवा रेटा टेकूच्या माथ्यावर येतो. अडीच मीटर उंच खांबाच्या माथ्यावर एवढा रेटा म्हणजे चार-पाच माणसांनी दोर बांधून ओढल्यासारखेच झाले. त्याऐवजी टेकूवर १० मि.मी. जाडीची गुळगुळीत लोखंडी पाटी, तिच्यावर ग्रीस आणि गर्डरच्या बुडाला तशीच दुसरी पाटी लावली, तर रेटा शंभर किलोंच्या आसपास उतरतो. खालची पाटी वरच्यापेक्षा मोठी असावी. ग्रीसमध्ये वाळू गेली की ते कानशीसारखे काम करते. म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा झालरीसारखा लावून पाट्या झाकाव्यात आणि दर दोन महिन्यांनी पुसून नवे ग्रीस भरावे.

ग्रीसची कटकट नको असेल, तर कन्व्हेअर बेल्टचे जाड रबरी तुकडे थरांनी ठेवून २० मि.मी. जाडीची गादी करता येते. रबर घसरत नाही, ते तिरपे होते. जाडीच्या निम्म्याइतकी, म्हणजे सुमारे १० मि.मी. हालचाल ते आरामात सोसते. १२ मीटरच्या गर्डरला एवढे पुरते. थर एकमेकांवरून निसटू नयेत म्हणून ते चिकटवून घ्यावेत.

टेकूच्या खांबांना तिरप्या पट्ट्या जरूर माराव्यात. मात्र पट्ट्या कितीही मारल्या, तरी पाट्यांचे काम त्या करू शकत नाहीत. खांब ताठ झाला की रेटा बुडाशी जातो, नाहीसा होत नाही.

पाचर का पडते?

सलग गर्डरखाली मध्ये टेकू देऊन पाचरीने आवळण्याची पद्धत सर्वत्र आहे. दुपारी गर्डरची वरची कड उन्हाने तापते, तर खालची कड फळ्यांच्या सावलीत व ओढ्याच्या गारव्यात थंड राहते. वरची बाजू अधिक लांबल्याने गर्डर कमानीसारखा वर उचलला जाऊ पाहतो. १२ मीटर लांब, २०० मि.मी. उंच गर्डरमध्ये वर-खाली १० अंशांचा फरक पडला, तर मध्यावर ही उचल ११ मि.मी.पर्यंत जाऊ शकते. गर्डरचे स्वतःचे वजन त्याला खाली दाबत असते, म्हणून फट दिसतेच असे नाही. तथापि मधल्या टेकूवरचा भार बराच घटतो, पाचर सैल होते आणि चालण्याच्या हादऱ्याने निसटते. संध्याकाळी गर्डर खाली येतो तेव्हा खाली पाचर नसते.

यावर उपाय म्हणजे एकमेकींसमोर ठोकलेल्या दोन पाचरी वापराव्यात आणि त्यांच्या बुडांमागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी बसवावेत. दुपारी सैल वाटली म्हणून पाचर आणखी ठोकू नये. दुपारी ठोकलेली पाचर रात्री टेकूवर जादा भार आणते. पाचर तपासायची आणि आवळायची वेळ पहाटेची.

साकव कोणत्या वेळी बसवावा?

भर दुपारी तापलेला गर्डर जखडला, तर पुढे तो मुख्यतः आकसणार. थंडीच्या पहाटे जखडला, तर पुढे तो मुख्यतः वाढणार. लांबट भोकात बोल्ट कोठे ठेवायचा, हे यावर ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास, लोखंड २५ अंशांजवळ असताना काम केले, तर हिशेब सोपा होतो. १२ मीटर गर्डरला पुढे ६० अंशांपर्यंत ५ मि.मी. वाढ आणि १० अंशांपर्यंत सुमारे २ मि.मी. घट धरावी. बोल्ट भोकाच्या मध्यावर ठेवावा, दोन्हीकडे जागा उरते. बसवल्याची तारीख, वेळ आणि तापमान गर्डरवर रंगाने लिहून ठेवावे.

साकवावरून जाणारी पाइपलाइन

साकवाच्या तुलनेत पाइपलाइनचे नुकसान वारंवार होते. उघड्यावरून न्यायचा भाग शक्यतो जी.आय. किंवा लोखंडी पाइपचा असावा. पी.व्ही.सी. पाइप उन्हात ठिसूळ होतो, शिवाय त्याची वाढ फार.

३० मीटर पी.व्ही.सी. पाइप रिकामा असताना दुपारी ५५ अंशांपर्यंत तापला आहे, असे समजा. दोन वाजता वीज येते, ऑटो स्टार्टर पंप सुरू करतो आणि विहिरीचे २७ अंशांचे पाणी पाइपातून धावते. काही मिनिटांतच पाइप जवळजवळ ६ से.मी. आखूड होऊ पाहतो. दोन्ही टोके काठावर पक्की असतील, तर सोल्युशनचा जोड सुटतो किंवा बेंडशी तडा जातो. पंपाचा दाब जास्त झाला, असे समजून आपण पंपाला दोष देतो. सौर पंप सकाळी हळूहळू सुरू होतो आणि पाइपही तेव्हा थंड असतो, त्यामुळे तेथे हा धक्का कमी बसतो. ऑटो स्टार्टर असलेल्यांनी निदान ओढ्यावरच्या भागाला पांढरा रंग किंवा गवताचे आच्छादन द्यावे.

पाइप गर्डरला क्लँपने करकचून आवळू नये. गर्डर आणि पाइप दोन्ही लोखंडाचे असले, तरी पाण्याने भरलेला पाइप थंड आणि गर्डर तापलेला असतो. ३० अंशांच्या फरकाला २४ मीटरवर ८-९ मि.मी. सरक होतेच. क्लँपमध्ये रबर घालून पाइप लांबीने सरकेल इतकी जागा ठेवावी. पाइप एकाच काठावर ठोकळ्यात पक्का करावा. दुसऱ्या काठावर काटकोनात वळवून पुढचा सुमारे अडीच मीटर भाग मोकळा ठेवावा, म्हणजे १०० मि.मी. व्यासाचा लोखंडी पाइप १० मि.मी.ची हालचाल त्या वळणात लवून सोसतो. हा मोकळा भाग मातीत गाडला, की त्याचा उपयोग संपला.

रबर रिंगचा जोड लांबीतला फरक सामावून घेतो, परंतु ओढ धरत नाही, हे विसरू नये. ११० मि.मी. पाइपात दर चौरस से.मी.ला ४ किलो दाब असेल, तर वळणावर पाणी जोडाला साडेतीनशे ते चारशे किलोंनी उघडू पाहते. म्हणून रिंगचा जोड वापरल्यास दोन्ही बाजूंच्या वळणांना काँक्रीटचे ठोकळे हवेतच. पी.व्ही.सी. पाइपला आधार दर एक ते दीड मीटरवर द्यावा, कारण तापल्यावर तो मऊ पडून झोळतो.

ओळंबा आणि रंगाची खूण

केलेले काम बरोबर चालले आहे का, हे पाहायला महागडे साधन लागत नाही. पहाटे मोकळ्या टोकाशी गर्डर आणि खालची पाटी यांवर मिळून एक सरळ रंगाची रेघ ओढावी. दुपारी तीनला रेघेचे दोन तुकडे किती सरकले ते पट्टीने मोजावे. १२ मीटर गर्डर आणि लोखंडाच्या तापमानात ३० अंशांचा फरक असेल, तर ४ मि.मी.च्या आसपास अंतर दिसायला हवे. अंतर मुळीच नसेल, तर टोक अडकले आहे.

त्याच वेळी टेकूच्या माथ्यावरून ओळंबा सोडून बुडाशी खूण करावी. ही खूण पहाटे आणि दुपारी एकाच जागी आली पाहिजे. ती १-२ मि.मी. हलली आणि रात्री परत आली, तर ग्रीस पाहावे. ती हलून परतली नाही, तर त्याच दिवशी साकवावरची ये-जा थांबवावी, गर्डरला दुसरा आधार द्यावा आणि मगच टेकू सोडवून नीट बसवावा. भाराखाली असलेल्या खांबाला घणाचे ठोके घालून सरळ करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. एप्रिल-मेमध्ये ही तपासणी दर आठवड्याला आणि एरवी महिन्याला करावी.

येथे दिलेले आकडे माणसे, डोक्यावरचा भार आणि पाइपलाइन एवढ्यासाठी आहेत. ट्रॅक्टर किंवा भरलेली बैलगाडी न्यायची असेल किंवा गाळा १२ मीटरपेक्षा मोठा असेल, तर गर्डर व टेकू स्थापत्य अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावेत. कालव्यावरून काही न्यायचे असल्यास जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

मेअखेर साकव काढताना पाट्या, नट-बोल्ट आणि रबरी गाद्या कोणत्या टोकाच्या आहेत, त्याप्रमाणे क्रमांक घालून ठेवाव्यात. पाट्यांना गंज चढू नये म्हणून ग्रीस लावून त्या समोरासमोर बांधाव्यात. ऑक्टोबरमध्ये त्याच पाट्या त्याच जागी बसवता येतात.